अंतरावरून गुंफलेले नृत्यपट : एक रसविचार

माणसे एकत्र आल्यावाचून नृत्याचा प्रयोग संभवत नाही, असे आजवर आपण गृहीत धरीत आलो. नर्तिका, झांजेवर ताल धरून बोल म्हणणारा नट्टुवनार, गायक, मृदंगवादक आणि रसिक ही सारी मंडळी एका छपराखाली जमली म्हणजे प्रयोग व्हावयाचा. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हे छप्परच नाहीसे झाले. त्यानंतरच्या महिन्यांत हैदराबादेतील नृत्यशाळांनी, देशोदेशीच्या इतर शाळांप्रमाणेच, एक नवा मार्ग धरला. प्रत्येकीने आपल्या घरी, आपल्या मोबाइलपुढे आपल्या वाट्याचा भाग नाचावा. संकलकाने ते तुकडे संगणकावर जोडावेत. आणि त्यांतून एक सलग नृत्यपट सिद्ध व्हावा. पुढे टाळेबंदी उठली, सभागृहे पूर्ववत भरू लागली, परंतु हा मार्ग काही बंद झाला नाही. गुरू हैदराबादेत आणि शिष्या समुद्रापार, अशी जोडी आज याच रीतीने काम करते. तेव्हा अडचणीच्या काळातील सोय म्हणून या पटांना सवलतीचे गुण देण्याचे दिवस आता सरले आहेत. कलाकृती म्हणून त्यांची पारख करणे उचित होय; आणि ती कोणत्या कसोटीवर करावी, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. गोवळकोंड्याचा किल्ला पाहिलेल्यांना फतेह दरवाजाखालची टाळी ठाऊक असेल. तेथील घुमटाखाली वाजविलेली टाळी वर टेकडीच्या माथ्यावर, बालाहिसारापाशी ऐकू येते. मार्गदर्शक हा चमत्कार म्हणून दाखवितात आणि मुले तो पुन:पुन्हा करून पाहतात. परंतु नृत्याच्या अभ्यासकाने त्यातील दुसरी गोष्ट ध्यानी घ्यावी. ती टाळी वर पोचते खरी, पण तत्क्षणी पोचत नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर या गतीने जातो. रंगमंचावर गायक नर्तिकेपासून १० मीटरांवर बसला असेल, तर त्याचा स्वर तिच्या कानी सुमारे ०.०३ सेकंदाने येतो. एवढा विलंब शरीर सहज पचविते. त्याची जाणीवही होत नाही.

इंटरनेटवरून होणाऱ्या चित्रसंभाषणात मात्र चित्र आणि ध्वनी यांना पलीकडे पोचण्यास ०.१५ सेकंद सहज लागतात. पुष्कळदा त्याहून अधिक. म्हणजे गायक आणि नर्तिका एकमेकांपासून ५० मीटरांवर उभी राहून एका लयीत राहू पाहतात, असाच हा प्रकार झाला. मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली आणि चतुरश्र जातीने मात्रेचे चार भाग केले, तर एका अक्षराच्या वाट्याला ०.१२५ सेकंद येतात. ‘तकधिमि’ यातील ‘त’ येथून निघाला, तर तो पलीकडे पोचेपर्यंत ‘क’ची जागाही किंचित मागे पडलेली असते. पलीकडचे पाऊल पाहून नट्टुवनार लय सावरू म्हणेल, तर ते पाऊल परत त्याच्यापर्यंत येण्यास पुन्हा तितकाच वेळ. मार्ग कितीही सुधारला तरी समुद्रापारचे अंतर शून्य होत नाही. दूर राहून एकाच वेळी, एका लयीत नाचणे हे म्हणूनच आज साधत नाही.

यावर काढलेली तोड सोपी आहे. प्रथम संपूर्ण संगीत ध्वनिमुद्रित करावयाचे. ती फीत प्रत्येक नर्तिकेकडे जाते. ती कानात यंत्र घालून ते ऐकते आणि नाचते. आरंभी एक टाळी वाजवावयाची, म्हणजे पुढे संकलकाला सर्वांच्या टाळ्या एका रेषेत आणून चित्रे जुळविता येतात. गोवळकोंड्याची टाळी येथे अशी संगणकावर अवतरली! यातही विघ्ने असतात. काही मोबाइल सेकंदाला ठराविक संख्येने चित्रे घेत नाहीत. त्यांची संख्या कमीजास्त होते, आणि आरंभी जुळलेली पावले पाचव्या मिनिटाला घसरतात. घरातल्या फरशीवर घुंगरांचा नाद ओरखडल्यासारखा उमटतो, म्हणून तो वगळून कृत्रिम नाद भरावा लागतो. ही विघ्ने कुशल संकलक निवारतो. चांगल्या पटात पन्नास पावले एकदम पडतात, आणि सामान्य प्रेक्षक थक्क होतो.

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. पन्नास पावले एकदम पडली, हे नृत्य झाले काय?

आपल्या देवळातील कीर्तन आठवावे. बुवांनी आख्यान रंगात आणले, श्रोत्यांचे डोळे पाणावले, की ते तीच ओळ पुन्हा घेतात. तबलजी त्यांच्या मुद्रेकडे पाहत असतो; पेटीवाला स्वर धरून थांबतो. कोठे थांबावयाचे हे आधी ठरलेले नसते. मंगेशीला सोमवारी पालखी निघते, तेव्हा ती थांबली की वाजंत्रीही लय धरून ठेवतात आणि ती हलली की चाल घेतात. गोव्यातील धालो हे तर याचे निखळ रूप होय. पौषातील रात्री मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग गाते, दुसरी तिला उत्तर देते. समोरची रांग काढून घेतली, तर उरलेल्या रांगेचे पाय हलतील; पण धालो राहणार नाही. या साऱ्या प्रकारांत एक जण दुसऱ्यासाठी थांबतो. सामूहिक कलेचा प्राण या थांबण्यात आहे.

भरतनाट्य आणि कुचिपुडी यांतील संचारीत हेच घडते. गायक एक चरण घोळवीत राहतो आणि नर्तिका त्याच चरणाचे निरनिराळे अर्थ हातांनी आणि नेत्रांनी फुलविते. तिचा भाव पुरा झाला की ती किंचित मान वळविते आणि गायक पुढे जातो. आधीच मुद्रित केलेल्या फितीला ही मान दिसत नाही. तिने चरण चार वेळा म्हटला असेल, तर नर्तिकेला चौथ्या वेळी भाव आटोपलाच पाहिजे. आजवर संगीत नर्तिकेची वाट पाहत असे. दूरस्थ पटात नर्तिका संगीतामागे धावते. अंतरापेक्षा ही हानी मोठी आहे, आणि ती पडद्यावर चटकन दिसत नाही म्हणून अधिक चिंतेची आहे.

एवढ्यावरून या प्रकाराला मोडीत काढावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. कॅमेऱ्यासाठी नृत्य रचणे ही जुनी आणि मान्य कला आहे. उदयशंकरांनी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ निर्मिला, तो १९४८ मध्ये प्रकाशित झाला. व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ १९५५ चा. त्यातील गोपीकृष्णांचे कथ्थक आपल्याकडील जुन्या प्रेक्षकांच्या आजही स्मरणात आहे. त्याही आधी, १९४५ मध्ये, अमेरिकेत माया डेरेन या दिग्दर्शिकेने जेमतेम तीन मिनिटांचा एक मूकपट केला. त्यात नर्तक रानात पाय उचलतो आणि तोच पाय एका घरातील खोलीत टेकतो. दोन दूरच्या स्थळांना एका हालचालीने जोडता येते, हा शोध इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. आजच्या दूरस्थ नृत्यपटाजवळ असलेली सर्वांत समर्थ युक्ती हीच. हैदराबादेत सुरू झालेला हस्त न्यू जर्सीत पूर्ण व्हावा आणि दोन घरांमधील अंतर त्या हस्तातच सामावून जावे, असे ज्या पटात घडते तेथे तंत्र कलेच्या सेवेस लागले, असे म्हणावे.

२०२० च्या एप्रिलात न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या विद्यालयाने रावेलच्या ‘बोलेरो’वर असाच एक पट केला. लॅरी काइगविन यांनी तो रचला, आणि शंभरांहून अधिक आजी-माजी विद्यार्थ्यांनी त्यात आपापल्या घरातून भाग घेतला. त्याच महिन्यात पॅरिस ऑपेराच्या नर्तकांनी स्वत:च्या घरांत टिपलेली दृश्ये सेद्रिक क्लापिश या दिग्दर्शकाने एकत्र गुंफली. या दोन पटांचे यश एका प्रामाणिकपणात आहे. आपण घरात आहोत हे त्यांनी लपविले नाही. घरातल्या नित्याच्या हालचाली त्यांनी लयीत घेतल्या. एकटेपण हाच त्यांचा विषय झाला. ‘बोलेरो’ची रचनाही त्यास अनुकूल होती. तिच्यात ताल अखेरपर्यंत एकसारखा राहतो आणि वाद्ये एकेक करून भर घालीत जातात. जी गोष्ट न थांबणारीच आहे, तिच्याबरोबर न थांबणारी फीत खटकत नाही.

या उदाहरणांवरून आपल्या परंपरेतील कोणता प्रकार या माध्यमास मानवेल, हे ठरविता येते. पदम् मानवते. क्षेत्रय्याच्या पदांतील नायिका तेथे नसलेल्या प्रियकराशी बोलत असते किंवा न दिसणाऱ्या सखीजवळ गाऱ्हाणे मांडीत असते. एकांत हा तेथे दोष नसून प्रसंगाचाच भाग होय. शिवाय रंगमंचावर दहाव्या रांगेतून न दिसणारी भुवईची हालचाल कॅमेरा जवळ आणून दाखवितो. संचारीचे स्वातंत्र्य तेवढे राखले, तर घरातल्या खिडकीपाशी एकटीने केलेले पदम् सभागृहातील प्रयोगाहून अधिक हृद्य होऊ शकते.

कुचिपुडीचा मूळ गाभा मात्र संवादाचा आहे. सिद्धेंद्र योगींच्या नावाशी जोडलेल्या भामाकलापात सत्यभामा आणि माधवी यांची बोलाचाली, चेष्टा, रुसवा, समजूत यांवरच सारा खेळ उभा असतो. सत्यभामा एका खिडकीत आणि माधवी दुसऱ्या खिडकीत असली, की दोघींची दृष्टी जुळत नाही. नर्तिका समोरच्या पडद्यावर पाहते, आणि कॅमेऱ्याची काच तर पडद्याच्या वर असते. म्हणून तिची नजर किंचित खाली झुकलेली दिसते. हस्तामागून दृष्टी आणि दृष्टीमागून मन जावे, हा अभिनयाचा क्रम सांगणाऱ्या शास्त्रात ही चूक लहान नाही. डिसेंबर २०१० मध्ये हैदराबादेच्या गचीबावली स्टेडियमवर देशोदेशींच्या अडीच हजारांहून अधिक नर्तक-नर्तिकांनी एकाच वेळी हिंदोल रागातील तिल्लाना सादर केला होता. त्या सोहळ्याची भव्यता संख्येत होती, आणि संख्येच्या हव्यासाबद्दल रसिकांनी नाके मुरडली असतील तर ते समजण्यासारखे आहे. तरीही तेथे शेजारणीच्या श्वासावरून पाऊल सावरता येत होते. पडद्यावरील पन्नास चौकटींत शेजारच्या चौकटीतला श्वास ऐकू येत नाही.

आता काही दोषांकडे वळू. हे दोष तंत्राचे वाटतात, पण परिणामाने ते शास्त्राचे ठरतात.

पहिला दोष उजव्या-डाव्याचा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरशासारखे चित्र दाखवितो, आणि काही यंत्रांत ते तसेच उलटे मुद्रितही होते. अर्धनारीश्वराचे उदाहरण घ्यावे. उजवे अंग शंकराचे, डावे पार्वतीचे, हे प्रत्येक भाविकास ठाऊक आहे. उलट्या मुद्रणात तांडवाचा आवेश डाव्या अंगाला येतो आणि लास्य उजव्याला. आशीर्वादाचा उजवा हात डावा होतो. संकलकाने एक कळ दाबली की चित्र सुलटे होते. परंतु त्यासाठी संकलकाला हे देवतास्वरूप ठाऊक असावे लागते, किंवा गुरूने अंतिम प्रत डोळ्यांखालून घालावी लागते.

दुसरा दोष पायांचा. मुख मोठे दिसावे म्हणून चौकट वर सरकते आणि पाय कापले जातात. कुचिपुडीच्या तरंगात नर्तिका पितळी थाळीच्या कडेवर उभी राहून लय चालविते. तेथे पायच दिसले नाहीत, तर पाहावयाचे काय? याउलट कॅमेरा फार जवळ ठेवला तर पुढे आलेला हात शरीराच्या मानाने अवाढव्य दिसतो, आणि अर्धमंडलीचे प्रमाण बिघडते.

तिसरा दोष उसन्या देवळाचा. नर्तिकेच्या मागे संगणकाने मंदिराचे चित्र लावण्याची हौस बळावली आहे. सावली एकीकडे, दिव्यांचा प्रकाश दुसरीकडे, पायाखाली घरातली फरशी आणि पाठीमागे गाभारा! यात सौंदर्यदृष्टीचा प्रमाद आहेच. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की, नर्तिकेची पाठ देवाकडे होते. देवळातील नृत्यसेवा देवासमोर, देवाकडे तोंड करून होत असे. बाजूला बसलेल्या भक्तांना ती मिळेल त्या कोनातून दिसे. रंगमंचावर मूर्ती एका अंगास ठेवून हा प्रश्न सोडविला गेला. दूरस्थ पटात नर्तिका कोणाकडे तोंड करून नाचते, याचे उत्तर रचनाकाराने आधी ठरविले पाहिजे. भिंतीवरील देव्हारा, एक समई आणि मोकळी जमीन एवढ्यावर ते उत्तर साधेपणाने देता येते.

इतक्या बारकाव्यांवर आम्ही का अडून बसलो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हैदराबादेपासून सुमारे २०० किलोमीटरांवर, पालमपेटच्या रामप्पा मंदिरात आहे. काकतीय राजा गणपतिदेव याचा सेनापती रेचर्ल रुद्र याने १२१३ मध्ये बांधविलेल्या या मंदिरातील नर्तिकांची शिल्पे प्रसिद्ध आहेत. २०२१ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. त्याच राजाचा गजसेनापती जाय याने तेराव्या शतकाच्या मध्यास ‘नृत्तरत्नावली’ हा ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात आचार्य नटराज रामकृष्ण यांनी हा ग्रंथ आणि ती शिल्पे समोर ठेवून पेरिणी शिवतांडव पुन्हा उभे केले, आणि १९८५ च्या महाशिवरात्रीस त्याच मंदिरात त्याचा प्रयोग झाला. आंध्रातील देवळांशी संबंध असलेल्या वृद्ध कलावतींकडून विद्या मिळवून त्यांनी आंध्रनाट्यही सावरले. ७ जून २०११ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

या घटनेतील मर्म असे. शिल्पकाराने एका क्षणाची ठेवण दगडात राखली. एका ठेवणीतून दुसरीत कसे जावे, हे दगड सांगत नाही. ते अंतर आचार्यांना ग्रंथावरून आणि जिवंत कलावतींच्या देहांवरून भरून काढावे लागले. आज आपण जे पट करतो, ते पुढील पिढ्यांचे दगड होत. त्यांत हालचाल आहे, नाद आहे, मुद्रा आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला स्वप्नातही न सुचलेली संपत्ती आपल्या हाती आहे. म्हणूनच जबाबदारीही मोठी. उलटा हात, कापलेले पाय आणि फितीमागे धावणारी लय हेच जर आपण कोरून ठेवले, तर उद्याची विद्यार्थिनी त्यालाच परंपरा समजेल. हे उद्याचेही राहिलेले नाही. आज मुली पडद्यावर पाहूनच सराव करतात. हैदराबादेच्या आनंदा शंकर जयंत यांनी भरतनाट्याच्या सरावासाठी ‘नाट्यारंभ’ हे ॲप सिद्ध केले, ते ही गरज ओळखूनच. सरावासाठी मुद्दाम बसविलेली योजना ही एक गोष्ट. केवळ प्रदर्शनासाठी केलेला पट सरावाचा नमुना होऊन बसणे ही दुसरी. दुसरी गोष्ट नकळत घडते, आणि म्हणून टीकाकाराने तिकडे डोळेझाक करू नये.

१४ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे याच दूरस्थपणाच्या वर्षात, हैदराबादेत शोभा नायडू निवर्तल्या. वेंपटि चिन्न सत्यम् यांची ही शिष्या सत्यभामेच्या भूमिकेसाठी ख्यातनाम होती, आणि हैदराबादेत तिने पुढील पिढीतील अनेक शिष्या घडविल्या. आता तिची सत्यभामा चित्रफितीत आणि तिच्या शिष्यांच्या अंगात उरली आहे. यांपैकी एक ठेवा दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. फीत चूक दाखवीत नाही, गुरू दाखविते.

अखेर व्यवहाराचे दोन शब्द. आपल्या देवस्थानांच्या समित्या उत्सवात नृत्याचे कार्यक्रम करतात, आणि अलीकडे प्रयोगाऐवजी पट दाखवावा, असा विचारही कानी येतो. खर्च वाचतो हे खरे. पण वाचलेला खर्च कोणाच्या ताटातला, हे पाहावे. एकदा मुद्रित झालेल्या फितीवर दहा नृत्ये होतात आणि दहा बैठकांचे मानधन गायक, मृदंगवादक आणि नट्टुवनार यांना अंतरते. टाळेबंदीत या साथीदारांचे हाल सर्वांत अधिक झाले. पट करावयाचाच असेल, तर प्रत्येक नव्या नृत्यासाठी साथीदारांना पुन्हा बोलवावे आणि प्रत्येक वापराचे मानधन द्यावे.

यात कलेचाही लाभ आहे. संगीत आधी आणि नृत्य मागाहून, हा क्रम काही दैवाने नेमून दिलेला नाही. नर्तिकेने प्रथम केवळ झांजेच्या ठेक्यावर, आपल्या भावाला हवा तेवढा वेळ घेऊन, संचारीचा कच्चा आराखडा चित्रित करावा. तो पाहून गायकाने गावे. जेथे तिची मान वळते तेथे त्याने पुढे जावे. मग त्या गायनावर तिने अंतिम नृत्य करावे. एक फेरी वाढते, आठ दिवस अधिक लागतात. परंतु दूर बसलेले दोन कलावंत या रीतीने एकमेकांसाठी थांबतात, आणि ते थांबणे पटात दिसते.

दूरस्थ नृत्यपटाची कसोटी आमच्या मते एवढीच. पावले किती जुळली, चौकटी किती, देश किती, हे मोजू नये. पट पाहताना शोधावे ते हे, की येथे कोणी कोणाची वाट पाहिली आहे काय. ज्या पटात ती खूण सापडेल, तो उत्सवात देवासमोर दाखविण्यास आणि मुलींच्या हाती नमुना म्हणून देण्यास योग्य समजावा.